मोठी चाकं घ्या, पण ऑफसेट विचारून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतला स्पोर्ट्स कारच्या चाकांवरचा लेख वाचला. मूळ चाकं काढून बाहेरची मोठी चाकं बसवताना टायरचा एकूण व्यास पूर्वीइतका राखला की काम झालं, असा लेखाचा रोख आहे. मी व्हील अलाइनमेंटचं काम करतो. नवी चाकं चढवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या तक्रार घेऊनच. स्टिअरिंग ओढतंय, खड्ड्यात मागून घासल्याचा आवाज येतोय, ठरावीक वेगाला गाडी थरथरतेय. मापायला घेतल्यावर यातल्या बहुतेक गाड्यांचा व्यास जागच्या जागी असतो. घोटाळा असतो तो ऑफसेटमध्ये, म्हणजे चाक गाडीत किती आत-बाहेर बसतं ते ठरवणाऱ्या मापात, आणि त्या लेखात ऑफसेटचा साधा उल्लेखही नव्हता. म्हणून हे पत्र.

व्यासाचं आधी आटोपतो, कारण ते लेखात बरोबर सांगितलं होतं. पहिल्या पिढीच्या टोयोटा ८६ वर २१५/४५ आर १७ हा टायर येतो. रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे ९६.७५ मिमी, वरची-खालची मिळून १९३.५. त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिमी मिळवले की व्यास ६२५.३ मिमी. त्याऐवजी २२५/४० आर १८ घेतला तर ६३७.२ मिमी, म्हणजे १.९ टक्के वाढ. हे चालून जातं. पण २२५/४५ आर १८ घेतला तर ६५९.७ मिमी, साडेपाच टक्के जास्त. मग स्पीडोमीटरचा काटा पूर्वीपेक्षा मागे राहतो, गिअरिंग लांब होतं, म्हणजे गाडीची ओढ मंदावते, आणि टायर वर-पुढे कुठे ना कुठे टेकतो. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम आहे, तोही इथे मोडू शकतो. इथवर माझं त्या लेखाशी भांडण नाही.

पण एवढ्याने चाक किती उंच हे कळलं. ते गाडीत नेमकं कुठे उभं राहणार, हे रुंदी आणि ऑफसेट ठरवतात. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला (चाक ज्यावर आवळलं जातं त्या गाडीच्या भागाला) टेकणारा सपाट भाग यांच्यातलं मिमीमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यापेक्षा स्पोकच्या, म्हणजे बाहेरच्या, बाजूला असेल तर ऑफसेट धन. आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं, जितका लहान तितकं बाहेर येतं. चाकाच्या मागच्या बाजूला किंवा स्पोकच्या आत 'ईटी' लिहून पुढे हा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो.

तीच टोयोटा ८६ घेऊ. मूळ चाक १७ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. सात इंच म्हणजे १७७.८ मिमी, त्याचं निम्मं ८८.९. म्हणजे हबपासून आतल्या बाजूला ८८.९ अधिक ४८, एकूण १३६.९ मिमी, बाहेरच्या बाजूला ८८.९ उणे ४८, फक्त ४०.९ मिमी. आता दुकानात हमखास पुढे केलं जाणारं १८ इंची चाक घ्या, साडेआठ इंच रुंद, ऑफसेट ३५. निम्मी रुंदी १०८ मिमी धरली तर आत १४३ आणि बाहेर ७३. आतल्या बाजूला ६ मिमी वाढ झाली, बाहेर मात्र ३२ मिमी. रिमची खरी कड या मापाच्या थोडी पुढे असते, पण ते जुन्या-नव्या दोन्ही चाकांना लागू असल्यामुळे तुलनेत फरक पडत नाही.

३२ मिमी म्हणजे काय, हे अशाच एका गाडीवर मी पाहिलं आहे. मालक तरुण होता, गाडी जिवापाड जपणारा. चाकं विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतं, व्यास जुळतो, म्हणजे बसणारच. चाकं बसलीही. गाडी एकट्याने चालवताना काही कळत नव्हतं. शेजारी आणि मागे माणसं बसली आणि रस्त्याला उंचवटा लागला की मागून खर्र आवाज यायचा. गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर पूर्ण घेरभर करंगळीच्या नखाएवढी खाच पडली होती. मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याची कड रंग निघून उघडी पडली होती आणि खालचं प्लास्टिकचं अस्तर एका क्लिपवर लोंबत होतं. टायर जवळजवळ नवे होते, ट्रेड भरपूर शिल्लक होता, पण खांद्याला अशी खाच पडलेला टायर वेगात कधी दगा देईल सांगता येत नाही. ते दोन्ही टायर मी त्याला बाजूला काढायला सांगितले. पुढे त्याने आतली-बाहेरची मोकळी जागा आधी गाडीवर मोजून १८ इंची, ८ इंच रुंद, ऑफसेट ४५ ची चाकं निवडली. ती मूळ चाकांपेक्षा बाहेर १५.७ मिमी आणि आत ९.७ मिमी जास्त जातात. दोन्हीकडे जागा पुरली.

घासणं निदान ऐकू तरी येतं. ऑफसेट फार कमी केल्याचा दुसरा परिणाम ऐकू येत नाही. पुढच्या चाकाचा स्टिअरिंगचा अक्ष वरून खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. तो बिंदू आणि टायर जमिनीला टेकतो त्या पट्ट्याचा मध्य यांतलं आडवं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. गाडी बनवणारे इंजिनिअर हे अंतर फार विचार करून ठरवतात. ऑफसेट ४८ वरून ३५ केला की तो पट्टा जवळपास १३ मिमी बाहेर सरकतो. मग ब्रेक मारताना एका चाकाखाली वाळू किंवा पाणी आलं तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे गाडी धावते, खड्ड्याचा झटका थेट मनगटात येतो. पुढची चाकं ओढणाऱ्या ताकदवान गाडीत ॲक्सिलरेटर दाबतानाही हेच होतं. शिवाय चाकाचा भार हबपासून लांब गेल्यामुळे बेअरिंगवर ताण वाढतो. लोक मला म्हणतात, अलाइनमेंट करून द्या, ओढणं थांबेल. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं टोक आत-बाहेर वळलेलं असणं) मी मशीनच्या हिरव्या पट्ट्यात आणून देतो, पण स्क्रब रेडियस माझ्या पान्याने बदलत नाही. तो चाक विकत घेतानाच ठरलेला असतो.

उलट बाजूही सांगायला हवी. बाहेर घासू नये म्हणून ऑफसेट भरमसाट ठेवला तर रुंद चाक आत सस्पेन्शनच्या नळकांड्याला किंवा वरच्या आर्मला टेकतं. आतलं घासणं जास्त वाईट, कारण तिथे कोणी वाकून बघत नाही. मग उपाय म्हणून स्पेसर सुचवला जातो. हबवर नेमका बसणारा, स्वतःचे बोल्ट असलेला, चांगल्या धातूचा स्पेसर मी वाईट म्हणणार नाही. पण मूळ बोल्टवरच सरकवलेली जाड चकती नटाला मिळणारे आटे खाते. बोल्टच्या व्यासाइतकी तरी लांबी आट्यात गुंतली पाहिजे. टोयोटा ८६ चे बोल्ट १२ मिमीचे, १.२५ मिमीच्या आट्याचे आहेत, म्हणजे नट साधारण दहा फेरे चढायला हवा. तीन-चार फेऱ्यांतच नट घट्ट झाला तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पीसीडीबद्दल लोक आता विचारतात, हे चांगलं झालं. तरी गाडीच्या नावावर जाऊ नका. टोयोटाचा बिल्ला असलेल्या तीन स्पोर्ट्स कारची तीन मापं आहेत. ८६ ला ५ x १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर पाच भोकं, नव्वदच्या दशकातल्या सुप्राला ५ x ११४.३, आणि बीएमडब्ल्यूबरोबर बनलेल्या २०१९ नंतरच्या जीआर सुप्राला ५ x ११२. यातल्या ११२ आणि ११४.३ मध्ये प्रत्येक भोक केंद्रापासून जेमतेम १.१५ मिमी इकडे-तिकडे असतं. डोळ्याला दिसत नाही, आणि न्यूमॅटिक गनने नट आवळले तर चाक ओढून-ताणून बसतंही. बोल्ट मात्र कायमचे तिरके ताणलेले राहतात.

सेंटर बोअरबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकाबद्दल, मात्र अजूनही जवळजवळ कोणी विचारत नाही. ८६ च्या हबची मधली गोल कड ५६.१ मिमी आहे. बाहेरची चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं, बरेचदा ७३.१ मिमीचं, ठेवलेलं असतं. मधली १७ मिमीची तफावत भरून काढायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या जोरावर मध्यावर येतं, आणि नट एका बाजूने आधी आवळले गेले की ते किंचित सरकूनच बसतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, तीन वेळा बॅलन्सिंग केलं, मशीन शून्य दाखवतं, तरी गाडी थरथरते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूवर मधल्या भोकात धरलेलं असतं, तिथे ते मध्यावरच फिरतं. गाडीवर ते मध्यावर नसतं. दोन्ही माणसं खरं बोलत असतात आणि दोष एका छोट्या कड्याचा असतो. घेताना रिंगचं आतलं-बाहेरचं माप दोन्ही तपासा.

नटाची बैठकही तशीच. होंडाच्या मूळ चाकांना गोलसर बैठकीचे नट येतात, बाहेरच्या बहुतेक चाकांना ६० अंशांच्या शंकूचे लागतात. जुना नट नव्या चाकात आवळला तर तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो आणि पुढे सैल होतो. नवे नट त्याच वेळी घ्यावेत.

आता वजन पेलण्याचा प्रश्न, जो व्यासाच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. २२५/४५ आर १७ टायरवर पुढे ९१ लिहिलेलं असतं, म्हणजे तो ६१५ किलो पेलतो. त्याच गाडीला १८ इंची चाकं म्हणून २२५/४० आर १८ घेतला आणि त्यावर ८८ लिहिलेलं असलं, तर तो ५६० किलोचा. व्यासात अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही, आणि एका टायरमागे ५५ किलोची ताकद गेली. त्याच मापात ९२ चा, जादा भाराचा 'एक्सएल' टायर मिळतो, तो ६३० किलो पेलतो. पण हा आकडा २९० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय हवेला आहे. दारावरच्या स्टिकरवरची जुन्या टायरची हवा भरून तेवढी ताकद मिळत नाही. माप बदललं की हवाही टायर कंपनीच्या तक्त्यातून नव्याने काढावी लागते. वेगाचं अक्षरही पाहा. व्ही ताशी २४० किमीपर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००. मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर स्पोर्ट्स कारला घेऊ नये, मग आपण त्या वेगाने जात असू वा नसू, कारण उष्णता सहन करण्याची क्षमता त्याच्याशी बांधलेली आहे.

चाकालाही भाराची मर्यादा असते आणि ती मागच्या बाजूला किलोमध्ये लिहिलेली असते. गाडीच्या जास्त भाराच्या ॲक्सलचं कमाल वजन घ्या, निम्मं करा, चाकाचा आकडा त्याहून कमी नको. ॲक्सल ११०० किलोचा असेल तर चाक निदान ५५० चं हवं. सोबत जपानचा जेडब्ल्यूएल किंवा जर्मनीतल्या टीयूव्हीचा शिक्का शोधा. ज्या चाकावर भाराचा आकडाच नाही ते कितीही सुंदर असो, मी माझ्या माणसांच्या गाडीला लावू देत नाही. नामवंत डिझाइनची हुबेहूब नक्कल केलेलं, नको त्या जागी जाड आणि ताणाच्या जागी पातळ ओतलेलं चाक स्पोकच्या मुळाशी तडकलेलं मी हातात धरलं आहे. तो तडा केसाइतका होता आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीने भरून गेला होता, चाक धुतल्यावरच दिसला.

ब्रेकच्या बाबतीत एक गैरसमज आहे, की चाक मोठं घेतलं की कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला चिमटा घेणारा भाग) आत बसतोच. व्यास मोठा झाला तर कॅलिपरच्या डोक्यावर जागा वाढते. कॅलिपरच्या तोंडासमोर मात्र स्पोकची वळण घेण्याची तऱ्हा महत्त्वाची. मोठे ब्रेक असलेल्या गाडीवर एक १७ इंची चाक सहज फिरतं आणि दुसरं १८ इंची स्पोकवर अडतं, असं होतं. मोठे ब्रेक बनवणाऱ्या कंपन्या कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर कापून चाकाच्या आतून फिरवून बघायला पाच मिनिटं लागतात.

टायर आणि रिमच्या रुंदीचं नातं कंपनीच्या तक्त्यात असतं, उदाहरणार्थ २२५/४० आर १८ ला साडेसात ते नऊ इंचांची रिम. याबाहेर जाऊन अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची जी हौस आहे, ती मला मान्य नाही. खड्ड्यात किंवा जोरात वळताना असा टायर रिमवरून सुटू शकतो.

मागे रुंद, पुढे अरुंद टायर ही मांडणीही विचारून करावी. पोर्शे ९११ च्या सध्याच्या ९९२ पिढीत कॅरेराला पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० येतात. पुढचा व्यास सुमारे ६७१ मिमी, मागचा सुमारे ७१५. इंजिन मागे आहे, आणि एबीएस व स्थिरतेची यंत्रणा त्याच फरकाला धरून जुळवलेली आहे. टोयोटा ८६ किंवा माझ्दा एमएक्स-५ ला कारखान्यातून चारही टायर एकाच मापाचे येतात, कारण त्यांचा तोल तसा साधला आहे. तिथे फक्त मागे रुंद टायर लावले तर वळणात पुढचं टोक आधी हार मानतं आणि ज्या चपळाईसाठी ती गाडी घेतली तीच हरवते. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या व्यासातला लहानसा फरकही डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) सतत राबवतो.

आणि मोठं म्हणजे चांगलंच, असंही नाही. होंडाने सिव्हिक टाइप आरच्या एफके८ पिढीला २० इंची चाकावर २४५/३० चा टायर दिला होता. पुढच्या एफएल५ पिढीत कंपनीनेच चाक १९ इंचांवर आणलं आणि टायर २६५/३० केला. रुंदी वाढली, साइडवॉलची उंची ७३.५ वरून ७९.५ मिमी झाली, आणि चाकाचा घेर उतरला. दोन्ही पिढ्यांत ऑफसेट मात्र ६० च. पुढच्या चाकांवर ताकद ओढणाऱ्या गाडीचा स्क्रब रेडियस फार हलू नये याची ही काळजी असावी. जास्त पकड हवी असेल तर मी बहुतेकांना तोच मूळ व्यास, अर्धा-एक इंच जास्त रुंदी, हलकं चाक आणि त्यावर चांगल्या प्रतीचा टायर हे सुचवतो. स्प्रिंगखालचं आणि त्यातही फिरणारं वजन कमी झालं की शॉकॲब्जॉर्बरचं काम सोपं होतं, आणि हे स्टिअरिंग हातात घेताच जाणवतं.

मापं घेण्यासाठी मशीन लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत बाहेरच्या भागापर्यंत पट्टीने मोजा. ही बाहेरची जागा. आत टायर आणि नळकांड्यामधली सर्वांत अरुंद जागा शोधा. तिथे वेगवेगळ्या जाडीच्या ॲलन की सरकवून पाहिल्या की माप मिळतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून हेच पुन्हा करा. मग वर केलेली वजाबाकी करा, टायरची रुंदी वाढत असेल तर त्यातली निम्मी प्रत्येक बाजूला धरा. आतल्या बाजूला पाच-सहा मिमी तरी मोकळे उरावेत असं मी पाहतो, कारण वळणात टायर वाकतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे रुंद नसतात, खांदे कोणाचे चौकोनी, कोणाचे गोल. नंतर गाडीची उंची कमी करायचा विचार असेल तर स्प्रिंगा आधी बदला आणि मापं नंतर घ्या.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत चाकांच्या जाहिराती असतात, परीक्षणं असतात. त्यांत फोटो असतो आणि इंच असतात. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे प्रत्येक चाकाखाली व्यासासोबत रुंदी, ऑफसेट, पीसीडी, सेंटर बोअर, भाराची मर्यादा आणि वजन हे आकडे छापावेत. विक्रेत्याला ते नव्याने शोधायचे नाहीत. वजन सोडलं तर बहुतेक आकडे चाकावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतात, आणि वजनाला तराजू पुरतो. जो विक्रेता हे आकडे द्यायला तयार नाही, त्याची जाहिरात परीक्षणाच्या शेजारी तरी नसावी.

आपला,
एक अलाइनमेंट कारागीर

ता. क. — नवी चाकं बसवल्यावर नट शेवटी टॉर्क रेंचनेच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आणि ताऱ्याच्या क्रमाने आवळावेत, आणि ८० ते १०० किमी चालल्यावर गार असताना पुन्हा तपासावेत. हेही लेखात राहून गेलं होतं.